डिटेन्शन सेंटरचा विस्तार आणि गावाची हरकत: सुनावणीला जाण्यापूर्वी

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, कारण त्यात तीन निरनिराळे प्रश्न गुंतलेले आहेत. अमेरिकेत आपण राहता त्या गावाबाहेर एका खासगी कंपनीचे इमिग्रेशन डिटेन्शन सेंटर, म्हणजे स्थलांतरितांना स्थानबद्ध ठेवण्याचे केंद्र, आहे. तेथील खाटा वाढवण्यासाठी कंपनीने अर्ज केला असून पुढच्या महिन्यात प्लॅनिंग बोर्डापुढे, म्हणजे जमीन-वापराच्या अर्जांवर निर्णय देणाऱ्या गावच्या मंडळापुढे, सुनावणी आहे. स्थलांतराचा कायदा फेडरल सरकारच्या हातात असताना गावाने हरकत घेऊन काही होते का, हा पहिला प्रश्न. हरकत घेणाऱ्यांपैकी निम्मे लोक केवळ घरांच्या किमती पडतील म्हणून आलेले आहेत, त्यांच्या रांगेत उभे राहावे का, हा दुसरा. आणि स्वतः एच-वन-बी व्हिसावर नऊ वर्षे काढल्यावर, ग्रीन कार्डाच्या रांगेत असताना, माइकसमोर नाव सांगून बोलावे का, हा तिसरा.

मी पुण्यात नगररचना शिकलो आणि गेली २२ वर्षे येथे अमेरिकेत लहान नगरपालिकांना जमीन-वापराविषयी सल्ला देतो. अशा सेंटरांचे चार अर्ज मी जवळून पाहिले आहेत: दोनदा नगरपालिकेच्या बाजूने, एकदा रहिवाशांच्या बाजूने आणि एकदा अर्जदाराच्याच बाजूने. मी वकील नाही, आणि आपले राज्य कोणते ते आपण लिहिलेले नाही. त्यामुळे पुढचे बरेचसे विवेचन ‘तेथील नियम पाहून’ या अटीवर वाचावे. नोटिशीचेच उदाहरण घ्या. न्यू जर्सीत अर्जाच्या जागेपासून २०० फुटांच्या आतील मालकांना सुनावणीच्या किमान १० दिवस आधी कळवावे लागते. कॅलिफोर्नियात २०१८ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार खासगी कंपनीच्या अशा सेंटरला परवानगी देण्यापूर्वी नगरपालिकेला १८० दिवसांची जाहीर सूचना आणि दोन जाहीर सभा बंधनकारक आहेत. एकीकडे दहा दिवस आणि दुसरीकडे सहा महिने, एवढ्या फरकाने लढ्याचे सगळे स्वरूपच बदलते.

पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. कोणाला स्थानबद्ध करायचे आणि कोणाला सोडायचे हे आपले गाव ठरवू शकत नाही, आणि ठरवायला गेले तर न्यायालयात हरते. परंतु एखाद्या ठरावीक जमिनीच्या तुकड्यावर ठरावीक इमारत किती माणसांसाठी वापरता येईल, तिचे सांडपाणी कोठे जाईल, आग लागल्यास माणसे कोणत्या दाराने बाहेर पडतील, हे प्रश्न अजून गावाच्या कक्षेत आहेत. हरकतीची ताकद या दुसऱ्या भागात असते. मी पाहिलेल्या बहुतेक सुनावण्यांत लोक तीन तास पहिल्या भागाबद्दल बोलले, अध्यक्षांनी त्यांचे आभार मानले आणि परवानगी देऊन टाकली.

ही सीमारेषा नेमकी कोठे आहे हे गेल्या काही वर्षांत न्यायालयांनी बरेच स्पष्ट केले आहे. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये खासगी डिटेन्शन सेंटरांवर सरसकट बंदी घालणारा कायदा केला. नवव्या सर्किटच्या (फेडरल अपील न्यायालयांच्या विभागांना सर्किट म्हणतात) अपील न्यायालयाच्या विस्तारित पीठाने २०२२ मध्ये कायद्याला आव्हान देणाऱ्या कंपनीच्या बाजूने कौल देताना सांगितले की फेडरल सरकारने आपल्या कामासाठी कोणाशी करार करावा यावर राज्याला असा नकाराधिकार चालवता येत नाही. न्यू जर्सीच्या २०२१ च्या कायद्याचेही तिसऱ्या सर्किटमध्ये जुलै २०२५ मध्ये तेच झाले. मात्र इलिनॉयने आपल्याच काउंट्यांना (जिल्ह्यासारखे प्रशासकीय घटक) असे करार करण्यास मनाई केली, तेव्हा सातव्या सर्किटने २०२२ मध्ये तो कायदा उचलून धरला. राज्य स्वतःच्या घटकांना आवरू शकते, फेडरल सरकारच्या कंत्राटदाराला मात्र तो फेडरल सरकारचा कंत्राटदार आहे म्हणून अडवू शकत नाही. गावालाही हेच लागू होते. शाळा, रुग्णालय, गोदाम किंवा वसतिगृह यांना जे नियम लावाल तेच सेंटरला लावले तर नियम टिकण्याची शक्यता चांगली असते. केवळ त्याच सेंटरसाठी घडवलेला नियम न्यायालयात उघडा पडतो.

म्हणून सुनावणीपूर्वी तीन गोष्टी शोधून काढा. जमीन कोणाच्या मालकीची आहे? ती फेडरल सरकारची असेल तर सरकारने स्थानिक झोनिंगचा, म्हणजे कोणत्या भागात जमीन कशासाठी वापरता येईल या नियमांचा, विचार करावा असे कायदा म्हणतो खरा, पण ते नियम त्याच्यावर बंधनकारक नसतात, आणि मग बोर्डापुढचा सगळा खटाटोप जवळजवळ सल्ल्यापुरता उरतो. आपण अर्ज कंपनीचा आहे असे लिहिले आहे, त्यामुळे बहुधा जमीन खासगी असावी, तरीही काउंटीच्या नोंदी पाहून खात्री करावी. दुसरे, करार कोणाकोणात आहे? अनेक ठिकाणी इमिग्रेशन खाते आधी शहराशी किंवा काउंटीशी करार करते आणि शहर ते काम कंपनीकडे सोपवते, कारण अशा आंतरशासकीय करारात स्पर्धात्मक निविदा टाळता येतात. यातला टोकाचा प्रकार ॲरिझोनातील ईलॉय या छोट्या शहराचा आहे. टेक्सासमधील डिली येथे २,४०० खाटांचे कुटुंबांसाठीचे सेंटर २०१४ मध्ये उभे राहिले ते शेकडो मैल दूर असलेल्या ईलॉयच्या करारात दुरुस्ती करून, आणि त्या मध्यस्थीबद्दल ईलॉयला वर्षाला सुमारे ४,३८,००० डॉलर मिळत होते. २०१८ मध्ये गृहसुरक्षा खात्याच्याच महानिरीक्षकांनी त्यावर ताशेरे ओढले. आपले शहर अशा करारात असेल तर आपल्या हातात प्लॅनिंग बोर्डापेक्षा मोठे हत्यार आहे, कारण करार ठेवायचा की सोडायचा हे नगर परिषद मतदानाने ठरवू शकते.

तथापि ते हत्यार दुधारी आहे. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील अ‍ॅडेलँटो शहराने २०१० मध्ये पैशांच्या चणचणीत आपल्या मालकीचा तुरुंग २.८ कोटी डॉलरना कंपनीला विकला, आणि तेथे पुढे जवळजवळ दोन हजार खाटांचे सेंटर उभे राहिले. २०१९ मध्ये शहराने करारातून अंग काढून घेतले. सेंटर बंद पडले नाही. इमिग्रेशन खात्याने कंपनीशी थेट करार केला आणि शहराकडे देखरेखीचा जो काही धागा होता तोही तुटला. ‘करार रद्द करा’ ही घोषणा देण्यापूर्वी, रद्द झाल्यावर दुसऱ्या दिवशी काय होईल, हे कोणीतरी कागदावर लिहून काढलेले असावे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित आहे: विस्तार म्हणजे नेमके काय? नवी इमारत बांधणे वेगळे, आहे त्याच इमारतीत खाटा दाटीने लावणे वेगळे, आणि रिकामी पडलेली इमारत पुन्हा सुरू करणे आणखी वेगळे. नव्या इमारतीसाठी आराखड्याची मंजुरी लागतेच. खाटा वाढवताना कंपनी बहुधा म्हणते की वापर तोच आहे, परवानगीची गरजच नाही. तेव्हा जुन्या मंजुरीच्या ठरावात खाटांची कमाल मर्यादा लिहिलेली आहे का हे पाहावे लागते. असा वीस वर्षांपूर्वीचा ठराव कोणी वाचलेला नसतो. मी एका गावात तो तळघरातल्या खोक्यातून काढून वाचला, तेव्हा मंजूर संख्या आणि प्रत्यक्ष संख्या यांत दीडशेचा फरक निघाला.

रिकामी इमारत पुन्हा उघडण्याची दोन उदाहरणे २०२५ मधली आहेत आणि दोन्हींतून शिकण्यासारखे आहे. कॅन्ससमधील लेव्हनवर्थ हे शहर तुरुंगांवरच वाढलेले आहे; फेडरल तुरुंग आणि लष्करी तुरुंग ही त्याची ओळख आहे, आणि राजकीयदृष्ट्या ते काही डावे शहर नव्हे. तेथील एक खासगी तुरुंग २०२१ च्या अखेरीस बंद झाला होता, त्याच वर्षी एका फेडरल न्यायाधीशांनी त्याचे वर्णन अक्षरशः नरक असे केले होते. कंपनीने तो सुमारे एक हजार खाटांचे इमिग्रेशन सेंटर म्हणून उघडायचे ठरवले, आधी विशेष वापर परवान्याचा अर्ज केला आणि मग तो मागे घेऊन ‘परवान्याची गरज नाही’ अशी भूमिका घेतली. शहर न्यायालयात गेले. फेडरल न्यायालयाने प्रकरण आपल्या अधिकारक्षेत्रात येत नाही म्हटल्यावर ते राज्याच्या न्यायालयात गेले आणि जूनमध्ये मनाई हुकूम मिळाला. शहराने स्थलांतराविषयी एक शब्दही काढला नाही. आमच्या नियमानुसार परवाना लागतो, तो घ्या, एवढेच ते म्हणाले. इतिहास त्यांच्या बाजूने होता, कारण जुन्या तुरुंगाच्या काळात पोलिसांना आत तपास करणे कसे अवघड जात होते हे शहराला सांगता आले.

न्यू जर्सीतील नेवार्कमध्ये उलट घडले. डिलनी हॉल ही एक हजार खाटांची इमारत १५ वर्षांच्या करारावर उघडणार असे फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झाले. शहराचे म्हणणे होते की इमारतीला वापर-परवाना आणि आवश्यक तपासण्या नाहीत. कंपनीचे म्हणणे होते की परवाना आहे. शहराने दावा दाखल केला, पण इमारत मे महिन्यात सुरू झालीच, ९ मे रोजी फाटकाशी महापौर रास बराका यांना अटक झाली आणि दहा दिवसांनी तो आरोप मागे घेतला गेला. बातम्यांत अटक राहिली, वापर-परवान्याचा मुद्दा मागे पडला. दोन्ही शहरांचा मुद्दा तत्त्वतः एकच होता, परंतु एका ठिकाणी माणसे आत येण्यापूर्वी हुकूम मिळाला आणि दुसऱ्या ठिकाणी माणसे आधी आत आली. एकदा खाटा भरल्या की कोणतेही न्यायालय ‘इमारत रिकामी करा’ असे म्हणायला कचरते. आपली सुनावणी अजून व्हायची आहे, ही आपली सर्वांत जमेची बाजू आहे.

आता सुनावणीत काय मोजले जाते ते सांगतो. महाराष्ट्रात विकास आराखड्यातील फेरबदलावर आपण हरकती-सूचना देतो, तेव्हा जे मनात असेल ते लिहितो आणि अधिकारी त्यातले काय घ्यायचे ते ठरवतात. येथे विशिष्ट अर्जावरची सुनावणी अर्धन्यायिक असते. बोर्डाचे सदस्य त्या वेळी जवळजवळ न्यायाधीश असतात आणि नियमात लिहिलेल्या निकषांवर, नोंदीत आलेल्या पुराव्यावरच त्यांना निर्णय द्यावा लागतो. ‘ही अमानुष व्यवस्था आहे’ हे आपले मत मला पटले तरी त्यावर नाकारलेला अर्ज अपिलात परत येतो. याच कारणाने बोर्डाच्या सदस्याला घरी फोन करू नका, दुकानात गाठून समजावू नका. खासगीत झालेला असा संवाद उघड झाला तर निर्णयच दूषित ठरतो, आणि दूषित करणारे आपण असतो. झोनिंगचा नियमच बदलण्याचा प्रस्ताव नगर परिषदेपुढे असेल तेव्हा मात्र ती धोरणात्मक बाब असते, तेथे मन मोकळे करावे, सदस्यांना भेटावे, हजार सह्या द्याव्यात. वॉशिंग्टन राज्यातील टॅकोमा शहराने २०१७ च्या मार्चमध्ये हा दुसरा मार्ग घेतला. तेथे बंदराजवळच्या औद्योगिक पट्ट्यात २००४ पासून चालू असलेले सेंटर वाढत वाढत १,५७५ खाटांवर गेले होते, आणि २०१४ मध्ये तेथील स्थानबद्धांनी मोठे उपोषणही केले होते. नगर परिषदेने तातडीचे अंतरिम नियम करून अशा खासगी केंद्रांचा विस्तार रोखला आणि २०१८ मध्ये कायमचे नियम केले. सेंटर आजही आहे, पण ते हातपाय पसरू शकले नाही. एखाद्या शहराच्या आवाक्यात साधारण एवढेच असते, आणि ते कमी नाही.

अर्धन्यायिक सुनावणीत पुरावा म्हणजे काय, याचे माझे एक आवडते उदाहरण आहे. मी रहिवाशांच्या बाजूने होतो तेव्हा कंपनीच्या अभियंत्याने सांडपाण्याचा अंदाज सरासरी उपस्थितीवर काढला होता, कमाल खाटांवर नव्हे. शंभर खाटांचे वसतिगृह दिवसा रिकामे असते. शंभर खाटांचे सेंटर चोवीस तास भरलेले असते, त्यात स्वयंपाकघर असते, धुलाईघर असते. हे आमच्यापैकी कोणा कार्यकर्त्याच्या लक्षात आले नाही. मलप्रक्रिया केंद्रातून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ, जे मुळात सेंटरच्या विरोधात नव्हतेच, उठले आणि त्यांनी दोन प्रश्न विचारले. अभियंता गडबडला, बोर्डाने नवा अहवाल मागवला, सुनावणी पाच महिने पुढे गेली आणि तेवढ्यात कंपनीने अर्ज मागे घेतला. तेव्हापासून मी प्रत्येक रहिवासी गटाला सांगतो की तुमच्या गावात पाणीपुरवठा, अग्निशमन, रुग्णवाहिका यांत काम केलेली माणसे शोधा आणि त्यांना चहाला बोलवा. माहितीच्या अधिकारासारखा कायदा येथे प्रत्येक राज्यात आहे. त्याखाली सेंटरच्या पत्त्यावर तीन वर्षांत किती वेळा रुग्णवाहिका आणि पोलीस गेले याची नोंद मागवा. उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून अर्ज आज संध्याकाळीच करा.

घरांच्या किमतींच्या शेजाऱ्यांबद्दल आपल्याला वाटणारा संकोच मला समजतो. पूर्वी मीही नाक मुरडत असे. आता माझे मत असे आहे की सुनावणीत त्यांच्या शेजारी बसावे, पण त्यांचे पत्रक आपले म्हणून सही करू नये. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळचे कॅम्प्सफील्ड सेंटर सुमारे दुप्पट करण्याची योजना सरकारने २०१५ मध्ये मागे घेतली, तेव्हा तेथे वर्षानुवर्षे फाटकाशी निदर्शने करणारे लोक होते आणि हरितपट्ट्यात बांधकाम नको म्हणणारे गावकरीही होते. दोघांना एकमेकांचे प्रेम नव्हते. एका मर्यादेपलीकडे मात्र मी जाऊ देत नाही. ‘ही माणसे गुन्हेगार आहेत, पळून आमच्या अंगणात येतील’ असे कोणी बोलू लागले तर त्याच गटातल्या कोणीतरी उठून सांगावे की इमिग्रेशनची स्थानबद्धता ही दिवाणी स्वरूपाची आहे, शिक्षा नव्हे. आपण मराठी मंडळी ‘आम्ही कायदेशीर आहोत, आमचा काय संबंध’ असे फार पटकन म्हणतो. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेने लष्करी विमानाने परत पाठवून अमृतसरला उतरवलेल्या १०४ भारतीयांत महाराष्ट्रातले तिघे होते.

सेंटरमध्ये नोकरी करणारे लोकही सुनावणीला येतील, बहुधा एकाच रंगाचे टी-शर्ट घालून. त्यांना कंपनीने आणलेले असते हे खरे, पण गहाणाचे हप्ते त्यांचे स्वतःचे असतात. ज्या गावात दुसरा मोठा मालक नाही तेथे त्यांच्यावर ओरडणे म्हणजे बोर्डाच्या अर्ध्या सदस्यांच्या नातेवाइकांवर ओरडणे आहे. कंपनी गावाला नेमका किती कर देते आणि किती सेवा वापरते हा हिशेब मात्र शांतपणे मागावा. पुष्कळदा करारात किमान खाटांची हमी असते, म्हणजे खाट रिकामी राहिली तरी कंपनीला पैसे मिळतात. गावाला मिळणारा लाभ त्या हमीशी जोडलेला आहे की प्रत्यक्ष माणसांशी, हे विचारल्यावर सभागृहात शांतता पसरते असा माझा अनुभव आहे.

एक अडचणीची गोष्ट लपवणे बरोबर होणार नाही. विस्तार अडवला म्हणजे तितक्या लोकांची स्थानबद्धता टळली असे नाही. जुलै २०२५ च्या फेडरल कायद्याने स्थानबद्धतेसाठी ४,५०० कोटी डॉलर मंजूर केले आहेत, आणि जानेवारी २०२५ मध्ये सुमारे ३९ हजार असलेली स्थानबद्धांची संख्या त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ६० हजारांवर गेली. आपल्याकडे खाट मिळाली नाही तर माणूस दूर जातो. त्या वर्षी मार्चमध्ये न्यूयॉर्कमध्ये पकडलेल्या, ग्रीन कार्ड असलेल्या एका विद्यार्थ्याला आधी न्यू जर्सीत आणि मग थेट लुइझियानात नेले होते. मी नगरपालिकेच्या बाजूने होतो त्या एका प्रकरणात अर्ज फेटाळला गेला, आम्ही जेवायला गेलो, आणि दोन महिन्यांनी एका बाईंचा मला फोन आला. त्यांचा भाऊ त्या गावच्या सेंटरमध्ये होता, गर्दीमुळे त्याला तीन राज्ये पलीकडे हलवले होते, वकील तेथे जायला तयार नव्हता. त्या चिडलेल्या नव्हत्या, आता भेटीची वेळ कोठे विचारायची एवढेच त्यांना हवे होते. माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून आता मी गटांना आधीच सांगतो की आत असलेल्यांच्या वकिलांशी आणि भेटायला येणाऱ्या स्वयंसेवकांशी बोला. त्यांना विस्तार नको असेल तर तो का नको हे त्यांच्या तोंडून ऐका, आणि परवानगी मिळालीच तर कोणत्या अटी त्यांना हव्यात हेही विचारा. भेटीच्या वेळा, बसथांबा, वकिलांसाठी खोल्या, बाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांसाठी सावली आणि स्वच्छतागृह, यांतल्या काही अटी जमीन-वापराच्या मंजुरीत बसतात.

शेवटी आपल्या स्वतःच्या बोलण्याविषयी. अभिव्यक्तीचे संरक्षण येथे केवळ नागरिकांपुरते नाही, आणि जाहीर सुनावणीत शांतपणे निवेदन करणे हे त्या हक्काच्या अगदी मध्यभागी येते. परंतु वर सांगितलेल्या विद्यार्थ्याचे प्रकरण राजकीय मतांवरूनच घडले, त्यामुळे ‘काहीही होणार नाही’ असे मी आपल्याला सांगणार नाही. माइकसमोर नाव आणि पत्ता सांगावा लागतो, चित्रफीत जाहीर होते, आणि ती नोंद पुसता येत नाही. आपल्या इमिग्रेशन वकिलाला अर्ध्या तासाचे शुल्क देऊन आधी विचारा. फाटकाशी रस्ता अडवण्यासारख्या, अटक ओढवून घेणाऱ्या कार्यक्रमात मात्र आपण भाग घेऊ नये, असे मी ठामपणे सांगेन. ते काम नागरिक असलेल्यांनी करावे. वकिलाने थांबायला सांगितले तर जुना ठराव शोधणे, सांडपाण्याचा तक्ता तपासणे, माहितीचे अर्ज लिहून शेजाऱ्याच्या सहीने पाठवणे ही कामे कोणाला तरी करावीच लागतात, आणि आकडे वाचता येणारी माणसे अशा गटांत नेहमी कमी असतात.

आपल्याकडे आलेल्या नोटिशीत अर्जाचे वर्णन एका परिच्छेदात असेल. त्यात ‘आराखडा मंजुरी’ म्हटले आहे, ‘विशेष वापर परवाना’ म्हटले आहे की ‘आधीच्या मंजुरीत दुरुस्ती’, आणि खाटांचा आकडा दिला आहे की केवळ चौरस फूट, हे राज्याच्या नावासह येथे लिहिलेत तर पुढचे अधिक नेमके सांगता येईल. खाटांचा आकडा नसेल तर तो न देण्याचे कारण काय, हा सुनावणीतला आपला पहिला प्रश्न समजा.